लसूण, हळद की पेरूचा पाला? शेततळ्यातल्या माशांच्या खाद्यात काय मिसळावे

इंदापूर-दौंड पट्ट्यात शेततळ्यात रोहू, कटला किंवा चिलापी वाढवणाऱ्याला वर्षातून दोनदा धास्ती असते. पहिला पाऊस पडून पाणी एकदम गार आणि गढूळ होते तेव्हा एरोमोनास हा जिवाणू डोके वर काढतो: अंगावर लाल चट्टे, उभे राहिलेले खवले, पाण्याने फुगलेले पोट. मे महिन्यात पाणी 30 अंशांच्या वर गेले की चिलापीत स्ट्रेप्टोकोकस हा दुसरा जिवाणू येतो. डोळे बाहेर येतात, मासा गोल गोल फिरतो. वनौषधी द्यायची ती या दिवसांच्या दोन-तीन आठवडे आधी. आजारी मासा खाद्याला तोंडच लावत नाही, मग त्यातले औषध पोटात जाणार कसे?

हिशेबासाठी सरासरी 250 ग्रॅमचे 2,000 मासे धरू. म्हणजे 500 किलो वजन, आणि 2 टक्क्यांनी रोजचे 10 किलो खाद्य.

लसूण. माझी पहिली पसंती, पण रोज अर्धा तास देणारा माणूस असेल तरच. प्रमाण किलो खाद्याला 10 ग्रॅम, म्हणजे रोज 100 ग्रॅम सोललेला लसूण. त्यातला कामाचा घटक, अॅलिसिन, अख्ख्या पाकळीत नसतोच. पाकळी ठेचली की तयार होतो आणि ठेवला की उडून जातो. म्हणून 100 ग्रॅम लसूण 150 मिली पाण्यात मिक्सरमधून काढून 10 मिनिटे तसाच ठेवायचा. तोवर 15 ग्रॅम तांदळाच्या पिठाची 250 मिली पाण्यात पातळ कांजी शिजवून पूर्ण गार करायची. गरम कांजीत लसूण ओतला की नुसता वास राहतो, गुण जातो. दोन्ही एकत्र करून खाद्यावर शिंपडत हाताने खालीवर करायचे, सावलीत ताडपत्रीवर अर्धा तास पसरायचे, मग 100 मिली सोयाबीन तेल चोळायचे. तेलामुळे लसूण पाण्यात लगेच सुटत नाही. 10 किलोला 400 मिलीपेक्षा जास्त पाणी लागले तर तरंगते खाद्य मऊ पडून फुटते. आज कालवलेले आजच संपवा; ओलसर खाद्य पोत्यात राहिले की बुरशी धरते, आणि बुरशीचे विष माशाच्या यकृतावर जाते.

खोट एकच, भाव. मार्केट यार्डात लसूण कधी स्वस्त, कधी डोळे पांढरे करणारा. 2024 च्या सुरुवातीला किरकोळ भाव किलोला 400 रुपयांच्या आसपास गेला होता. 200 रुपये धरला तर आपल्या तळ्याला रोजचे 20 रुपये.

हळद. किलोला 5 ग्रॅम, रोज 50 ग्रॅम. निम्म्या मालात भागते आणि ताजे करण्याची घाई नाही. तेलात कालवलेले खाद्य कोरडे ठेवले तर तीन-चार दिवस चालते. असर मात्र लसणापेक्षा सौम्य धरा. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, शिवाय अल्कधर्मी पाण्यात लवकर बिघडते, आणि दुपारी शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्याचा सामू (pH) साडेआठच्या वर सहज जातो. म्हणून हळद पाण्यात नव्हे, 150 मिली कोमट तेलात घोळायची आणि सकाळच्या खाद्यातच द्यायची. कसोटी सोपी आहे: खाद्य पडते तिथे पाणी पिवळे झाले, तर हळद माशात नाही, तळ्यात गेली. बाजारातली भडक पिवळी पूड नको, रंगाची भेसळ असू शकते. हळकुंडे आणून दळून घेतलेली बरी.

पेरूचा पाला. बांधावर झाड असेल तर फुकट. पाला सावलीत वाळवून, बारीक दळून, वस्त्रगाळ करून किलोला 5 ग्रॅम. एरोमोनासवर त्याचा उपयोग चिलापीत दिसलेला आहे. पण पाल्यात टॅनिन हा तुरट घटक भरपूर. प्रमाण वाढवले की प्रथिने नीट पचत नाहीत आणि वाढ खुंटते. त्याहून मोठा धोका फवारणीचा. सायपरमेथ्रिनसारखे कीटकनाशक माशाला अगदी थोडे असले तरी मारते. बागेतला पाला असेल आणि फवारणीची तारीख ठाऊक नसेल, तर हात लावू नका.

कडुनिंबाचे नाव सगळे घेतात. मी तो खाद्यात घालायला सांगणार नाही. कडू लागला की मासा दाणा तोंडात घेऊन थुंकतो, आणि अर्काचे प्रमाण चुकले की तोच माशाला बाधतो.

तयार मिश्रणे. रोजचे खाद्य 50 किलोच्या पुढे गेले की लसूण सोलत बसणे परवडत नाही, तेव्हा यांचा विचार करा. पाकिटावर घटकांचे टक्के आणि उत्पादनाची तारीख नसेल तर परत ठेवा. ‘अॅलिसिन पावडर’ म्हणून मिळते ती बहुतेकदा कारखान्यात बनवलेली असते. टिकते चांगली, पण तिला वनौषधी म्हणता येणार नाही.

निवडलेले काहीही पहिले दोन दिवस निम्म्या प्रमाणात द्या. 20 मिनिटांनी खाद्य तरंगत राहिले तर चव पटलेली नाही.

आणि मर सुरू झालीच तर? पहाटे पाण्यातला प्राणवायू बघा, खाद्य थांबवा, पाणी बदला. जिवंत आजारी मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत तपासणीला पाठवा. मेलेल्या माशात कोणताही जिवाणू सापडतो. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक तळ्यात ओतू नका: इथल्या कठीण पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम ते बांधून टाकते, पैसे बुडतात. द्यायचेच तर तज्ज्ञाच्या चिठ्ठीने, खाद्यातून, आणि विक्रीआधीचे थांबण्याचे दिवस पाळून. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविके तर सरळ बंदी असलेली.

थंडीत अंगावर खोल जखमा दिसल्या तर मूळ बहुधा अॅफॅनोमायसेस या बुरशीसारख्या जीवाचे असते, जिवाणू मागून येतात. तिथे लसूण-हळद पुरी पडत नाही. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेचे सिफॅक्स हे औषध हेक्टरी एक मीटर खोल पाण्याला 1 लिटर या प्रमाणात वापरतात.