आर्डुइनो उनोवर सणांच्या चाली: गणपती ते गड्डा यात्रा, वापरानंतरचा अनुभव

आर्डुइनो उनो म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड. गणपतीत तो बझर (छोटा भोंगा) जोडून दाराशी लावला, तो सोलापुरात जानेवारीतली गड्डा यात्रा उठली तरी वाजतोय. चाली वाजवायला तो भरपूर आहे. फक्त नेटवर मिळणारे सुरांचे तक्ते आपल्या चालींना जसेच्या तसे घेऊ नका.

त्या तक्त्यांत 440 हर्ट्झ (सेकंदाला 440 कंपनं) आधार धरून सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. नाताळच्या चाली त्यात छान वाजल्या, शेजारची मुलं रोज फर्माईश करायची. आरती लावली आणि आई म्हणाली, "गंधार चढा लागतोय रे." तिचा कान तंबोऱ्यावर तयार झालेला. मग सा 240 धरला: रे 270, ग 300, म 320, प 360, ध 400, नी 450, वरचा सा 480. सगळे पूर्णांक, आणि टोन फंक्शनला (बोर्डाला सूर वाजवायला सांगणाऱ्या आज्ञेला) पूर्णांकच द्यावा लागतो! समान भागांचा गंधार 302 च्या वर जातो. फरक दोन-अडीच हर्ट्झचाच, पण लांबवलेल्या सुरावर कळतो.

मींडही जमते. गंधारावरून पंचमावर थेट उडी न घेता दोन-दोन हर्ट्झने चढायचं, प्रत्येक पायरीला 5 मिलिसेकंद. चाल एकदम गळ्यातून आल्यासारखी वाटते. बोर्डाची लहर चौकोनी (नुसती चालू-बंद) असल्यामुळे आवाजाचा पोत लग्नातल्या बँडच्या क्लॅरिनेटकडे झुकतो. मला तो सणाला शोभणारा वाटतो.

बझर पॅसिव्हच मागा, म्हणजे आपण देऊ तो सूर वाजवणारा. दुकानात तपासायला 5 व्होल्ट द्या. नुसता 'टक्' झाला तर पॅसिव्ह, सलग किंचाळला तर ॲक्टिव्ह, त्यावर चाल वाजणार नाही. छोट्या बझरवर 240 चा सा दबका येतो. सगळे आकडे दुप्पट केले की गॅलरीतला आवाज खाली रस्त्यावर पोचतो. आठ ओहमचा स्पीकर थेट पिनला (बोर्डावर तार जोडायच्या जागेला) जोडू नका, पिनची कमाल मर्यादा 40 मिलिअँपिअर आहे.

दिवाळीत कंदिलाचे एलईडी मंद-तेज करायचे असतील तर 9 आणि 10 या पिना घ्या. 3 आणि 11 चा टायमर (बोर्डातला वेळ मोजणारा भाग) टोन फंक्शन वापरतं, त्यामुळे सूर चालू असताना तिथला उजेड बिघडतो. पॉवर बँकेचा भरवसा नाही. बोर्ड इतका कमी करंट घेतो की काही बँका आपोआप बंद पडतात. मोबाइलचा चार्जर बरा.

उणीव एकच, पण मोठी: टोन फंक्शन एका वेळी एकच सूर देतं. आईला चालीखाली अखंड षड्ज (सा) हवाय, त्यासाठी दुसरा बोर्ड घेतोय.