गट विद्यार्थ्यांनी निवडावेत की शिक्षकांनी पाडावेत?

वर्गात पाच-सहा देशांचे विद्यार्थी असले की गटप्रकल्पाच्या वेळी हा प्रश्न येतोच. विद्यार्थ्यांनी स्वतः निवडलेले गट लगेच कामाला लागतात, कारण ओळख आधीची, भाषा एक आणि वेळा जुळलेल्या. प्रकल्प दोन आठवड्यांचा असेल तर हीच पद्धत बरी, अनोळखी माणसांची घडी बसायलाच तेवढा वेळ जातो.

सत्रभराच्या कामासाठी मात्र माझा कल शिक्षकांनी पाडलेल्या मिश्र गटांकडे आहे. कारण एकच: स्वनिवडीत शेवटी उरणारा गट. व्हिसा उशिरा मिळाल्याने सत्र सुरू झाल्यावर आलेले, वर्गात आपल्या देशाचे एकटेच असलेले, बोलायला बिचकणारे असे सगळे त्यात येऊन पडतात. ज्यांना आधार सर्वांत जास्त हवा, त्यांनाच तो द्यायला गटात कोणी नसते. पुढे गुण कमी पडले की खापर सांस्कृतिक फरकांवर फुटते. हे मला फार खटकते.

अर्थात, हजेरीपटावरून नावे वाटून मिश्र गट जमत नाही. वेगवेगळ्या समूहांतला दुरावा संपर्काने कमी व्हावा यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये चार अटी मांडल्या: समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. गट बहुधा पहिल्याच अटीवर अडखळतो. सफाईने बोलणारा लेखन ताब्यात घेतो, बाकीच्यांच्या वाट्याला तक्ते आणि संदर्भयादी येते. म्हणून इतरांकडे नसलेला एकेक भाग प्रत्येकाला द्यावा. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांची 1971 ची जिगसॉ (तुकडे जुळवायच्या कोड्यासारखी) पद्धत याच तत्त्वावर चालते. भाषेची सफाई शेवटी, आणि सगळ्यांनी बसून.

गट चार जणांचा पुरे. पहिल्या अर्ध्या तासात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: निरोपाला उत्तर किती तासांत, उशीर कशाला म्हणायचे, मतभेद कसे सांगायचे, उपवास-सणांच्या तारखा कोणत्या. काहींच्या गप्प बसण्याला इतर जण होकार समजतात. त्यामुळे चर्चेआधी दोन मिनिटे प्रत्येकाने लिहावे, मग आळीपाळीने वाचावे. तीस-चाळीस टक्के गुण वैयक्तिक भागाला ठेवावेत. कोणाचे काय अडते आहे ते तिसऱ्या आठवड्यात एकेकट्याला विचारावे. त्यानंतर कामाची वाटणी बदलणे सहसा जमत नाही.