टर्नरच्या चित्राची प्रत: इंजिन उमटले, ससा हरवला

शेतशिवाराची ओढ आणि यंत्रयुगाचा वेग यांना एकाच चौकटीत समोरासमोर आणणारे इंग्रज चित्रकार टर्नर यांचे ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ हे १८४४ साली प्रथम प्रदर्शित झालेले तैलचित्र मला फार प्रिय आहे, म्हणून त्याची कॅनव्हासवरील मुद्रित प्रत मी ऑनलाइन मागवली. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले मूळ चित्र सुमारे ९१ बाय १२२ सेंटिमीटरचे आहे. माझ्या प्रतीची लांबी-रुंदी त्याच्या निम्मी आहे.

पावसाचे धुरकट सोनेरी रंग अपेक्षेपेक्षा चांगले उतरले आहेत. मेडनहेडच्या पुलावरून थेम्स ओलांडत आपल्या अंगावर धावून येणारे काळे इंजिन ठसठशीत दिसते आणि डावीकडची नदीतली लहानशी होडीही ओळखू येते. उजव्या कडेचा नांगरणी करणारा माणूस मात्र तपकिरी रंगात जवळजवळ विरघळला आहे आणि त्याहून मोठी खंत म्हणजे रुळांवरून इंजिनापुढे जिवाच्या आकांताने पळणारा ससा भिंग लावूनही सापडत नाही. मूळ चित्रातही तो आता पुसट झाला आहे, हे खरे. तरीही गावाकडचे संथ जगणे आणि यंत्राची घाई यांतला सगळा ताण त्या इवल्याशा जिवात एकवटलेला असल्यामुळे, तो नसलेली प्रत मला अपुरी वाटते.

चौकट भक्कम आहे, वेष्टनही नीट होते. घ्यायची असल्यास मोठ्या मापाचीच प्रत घ्यावी आणि मागवण्यापूर्वी पुलाच्या भागाचे जवळून काढलेले छायाचित्र विक्रेत्याकडून मागून पाहावे.