जपानमध्ये रोख येन काढताना: सेव्हन बँकेचे एटीएम आणि येनचे फॉरेक्स कार्ड

आई-बाबांना घेऊन जपानला जायचे ठरले, तेव्हा पैशांची व्यवस्था माझ्याकडे होती. जपान हा प्रगत देश असल्यामुळे तेथे सर्वत्र कार्ड चालत असणार असे घरात सगळ्यांनी गृहीत धरले होते. मोठी हॉटेले, दुकाने आणि शिंकान्सेन या वेगवान रेल्वेची तिकिटे यांच्या बाबतीत ते खरेही ठरले. परंतु क्योतोतील किंकाकुजी मंदिराचे 500 येनचे प्रवेशतिकीट, मंदिरातील शिक्के घेण्याची वही, लहान खानावळींतील जेवण आणि रेल्वे-बसच्या भाड्यासाठीच्या सुइका कार्डात पैसे भरण्याची स्थानकांवरील बहुतेक यंत्रे या सगळ्यांसाठी आम्हाला रोख येनच लागले. यूपीआयची सवय झालेल्या माणसाला हे जड जाते. म्हणूनच ज्या दोन गोष्टींच्या आधारावर आमचे बारा दिवस निभावले, त्यांच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सेव्हन बँकेचे एटीएम. 2001 साली स्थापन झालेल्या या बँकेची यंत्रे प्रामुख्याने सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांत असतात. देशभरात त्यांची संख्या 25,000 हून अधिक आहे आणि 2007 पासून ती परदेशी कार्डेही स्वीकारतात. जपानमधील प्रत्येक एटीएमवर आपले कार्ड चालेलच असे नाही. टपाल खात्याच्या बँकेची यंत्रेही परदेशी कार्डे घेतात, पण टपाल कार्यालयाची वेळ संपली की त्यांतील अनेक यंत्रे बंद होतात. सेव्हन-इलेव्हन मात्र बहुतेक ठिकाणी चोवीस तास उघडे असते. रात्री अकरा वाजता हॉटेलवर पोहोचलेल्या आणि दोन ज्येष्ठ माणसे सोबत असलेल्या प्रवाशाला या एका सोयीचे मोल नीट कळते.

यंत्राची रचना करणाऱ्यांनी माणसांचा विचार केला आहे, हे मला पहिल्याच वेळी जाणवले. बाबा काठी घेऊन चालतात. आपल्याकडे एटीएमसमोर उभे राहिले की काठी काखेत धरायची, कार्ड एका हातात आणि पाकीट दुसऱ्या हातात, अशी त्यांची तारांबळ उडते. येथे यंत्राच्या कडेला काठी अडकवण्यासाठी खाचच होती. बाबांनी काठी तेथे ठेवली, पडद्यावर इंग्रजी भाषा निवडली आणि दोन्ही हात मोकळे ठेवून शांतपणे पिन दाबला. यंत्राचे शुल्क किती लागेल हे पैसे निघण्यापूर्वीच पडद्यावर दिसते आणि ते मान्य नसल्यास तेथूनच परत फिरता येते.

हाती आलेली दहा हजारांची नोट मोडायलाही अडचण आली नाही. त्याच दुकानात पाण्याची बाटली आणि केळी घेतली, पैसे भरण्याच्या यंत्रात नोट सरकवली आणि उरलेले पैसे यंत्रानेच मोजून परत दिले. जुलै 2024 पासून चलनात आलेल्या हजार येनच्या नव्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो यांचे चित्र आहे. 1894 साली हाँगकाँगमध्ये प्लेगच्या जंतूचा शोध घेणाऱ्यांपैकी ते एक होते. दोनच वर्षांनी ती साथ मुंबईत पोहोचली. आईने ती नोट बराच वेळ निरखून पाहिली आणि शास्त्रज्ञाला नोटेवर स्थान दिल्याचे तिला मनापासून आवडले.

दुसरी गोष्ट येनमध्ये भरलेल्या फॉरेक्स कार्डाची, म्हणजे निघण्यापूर्वीच परकीय चलन भरून घ्यायच्या कार्डाची. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट दाखवून ते बँकेतून मिळते. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशातील खर्चासाठी अनेक बँका 3.5 टक्के अधिभार लावतात आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 4.13 टक्के भुर्दंड पडतो. 50,000 रुपयांच्या खर्चामागे ही रक्कम 2,065 रुपये होते. फॉरेक्स कार्डात दर भरतानाच ठरलेला असल्यामुळे येनमधील खर्चावर हा अधिभार लागत नाही. मात्र डॉलर भरलेले कार्ड जपानमध्ये वापरल्यास चलनबदलाचे वेगळे शुल्क पडते, म्हणून कार्ड येनचेच घ्यावे. एटीएममधून पैसे काढताना कार्ड देणारी बँक प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क आकारते, त्यामुळे आम्ही रोज थोडे थोडे न काढता चार दिवसांचे पैसे एकदम काढत असू. क्रेडिट कार्डाने रोख काढणे मी पूर्णपणे टाळले, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

बाबांच्या डेबिट कार्डाने मात्र आम्हाला मनस्ताप दिला. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांनुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असते आणि परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः चालू करावा लागतो. ग्राहकाच्या सुरक्षेसाठी हा नियम योग्यच आहे. पण बाबांच्या बँकेने कार्ड देताना याची कल्पना दिली नव्हती. क्योतोतील एटीएमसमोर ते कार्ड नाकारले गेले, हॉटेलच्या वायफायवर बँकेचे अ‍ॅप उघडले तर त्याला ओटीपी हवा होता, आणि ओटीपी ज्या सिमवर येणार त्यावर रोमिंग चालू नव्हते. ते कार्ड अखेरपर्यंत पाकिटातच राहिले. वय झालेल्या ग्राहकाला परदेशी जाण्यापूर्वी ही एक गोष्ट सांगणे बँकेला मुळीच अवघड नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

आणखी एका ठिकाणी सावध राहावे लागते. एका मोठ्या दुकानात कार्डयंत्राने रुपयांत पैसे द्यायचे की येनमध्ये असे विचारले. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून बोट तिकडेच वळते. परंतु तो दर दुकानाच्या बाजूची यंत्रणा ठरवते, तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग असतो आणि त्याउपर अनेक भारतीय बँका आपले शुल्क लावतातच. आईने रुपये निवडले होते. पावती हातात आल्यावर मी विनंती केली, तेव्हा दुकानातील बाईंनी तो व्यवहार रद्द करून येनमध्ये पुन्हा करून दिला.

परतताना फॉरेक्स कार्डात सुमारे आठ हजार येन उरले होते. ते परत केल्यास बँक आपल्या खरेदीच्या दराने पैसे देते आणि भरताना दिलेल्या दरापेक्षा तो कमी असतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जाण्याचा बेत असलेल्या बहिणीच्या प्रवासाच्या वेळी हिशेब करू असे ठरवून शिल्लक तशीच ठेवली आहे. नाणी मात्र आपल्याकडे कोणी बदलून देत नाही. विमानतळावरील दुकानात आईने ती सगळी ओंजळीने यंत्राच्या खाचेत टाकली आणि उरलेल्या रकमेसाठी कितासातोंची एक नोट सरकवली.