छतावरचा कागद काढलाच नव्हता

जुलैमध्ये तीन दिवस संततधार लागली होती. चौथ्या दिवशी पहाटे सासूबाईंच्या खोलीत धप्पकन आवाज आला. धावत गेले तर त्या पलंगावर उठून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी ताटाएवढा पापुद्रा पडला होता. एप्रिलमध्येच रंगवलेल्या छताचा.

तो तुकडा उलटा केला आणि सगळं कळलं. वर नवा पांढरा रंग, त्याखाली लांबी (पुट्टी), त्याखाली जुना आकाशी ऑइलपेंट आणि शेवटी सोनेरी पानांचा वॉलपेपर. मागची तपकिरी पडलेली खळसुद्धा तशीच. जो कागद काढायला आम्ही माणूस लावला होता, तोच हा कागद.

आमचं घर माहीमला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. भेगा झाकायला सासऱ्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी मैद्याची खळ करून छताला कागद लावला होता. तो मळल्यावर त्यावरच ऑइलपेंट मारला गेला. यंदा कडा सुटू लागल्या. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हातात पैसे मोजकेच. तिघांना दर विचारले आणि सगळ्यात स्वस्त सांगणाऱ्या ठेकेदाराला काम दिलं. "काकू, आमच्यावर सोडा. खास केमिकल मारतो, कागद आपोआप सुटतो," असं तो म्हणाला.

रंगासकट चौरस फुटाला 60 रुपये, केमिकलचे वेगळे 2,500. खोली 10 बाय 12 ची, म्हणजे 120 चौरस फूट. त्याने हिशेबात 165 धरले. बीमच्या बाजू मोजतात म्हणे. बीम एकच, 12 फुटी. दोन्ही बाजू फूट-फूट धरल्या तरी 24 चौरस फूट होतात. पण हे गणित मी तेव्हा केलं नाही, 12,400 रुपये रोख मोजून दिले.

पहिल्या दिवशी त्याने मला मुद्दाम बोलावून खिडकीजवळचा कोपरा दाखवला. दोन-अडीच फूट भाग गिलाव्यापर्यंत साफ खरवडलेला होता. मी निर्धास्त झाले. खरं तर तो कोपरा ओलीने आधीच सुटलेला होता, हाताने ओढला असता तरी निघाला असता. मग "आजींना धूळ नको" म्हणून त्याने दार लावून घेतलं. संध्याकाळी बघते तर छतभर लांबी! जिन्यातून खाली गेली ती कचऱ्याची एकच पिशवी. पुढे आम्ही स्वतः कागद काढला तेव्हा तीन गोण्या भरल्या. त्या दिवशी ती पिशवी बघूनच मला शंका यायला हवी होती.

फोन केला तर आधी "पाऊस थांबू दे, येतो", मग "ओल वरच्या मजल्याची, मी काय करणार?" आणि नंतर फोन उचलणंच बंद. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, पण माझ्याकडे दाखवायला ना बिल, ना दर लिहिलेला कागद. म्हणून कळकळीने सांगते, मोजमाप आणि दर लिहून घ्या, पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि सगळं छत उघडं झालेलं स्वतः शिडीवर चढून पाहिल्याशिवाय लांबीचा डबा उघडू देऊ नका. नुसता कोपरा बघून हो म्हणू नका.

ऑगस्टमध्ये भाच्याला हाताशी घेऊन आम्हीच काम काढलं. ऑइलपेंटमुळे खालच्या कागदात पाणी शिरतच नाही. त्यामुळे आधी वरची लांबी खरवडली, मग ब्लेडने आडव्या-उभ्या चिरा पाडल्या. दोन-दोन फुटांचा तुकडा घेऊन कोमट पाण्यात भांड्यांचा साबण आणि थोडं व्हिनेगर घालून फवारलं, पंधरा-वीस मिनिटं मुरू दिलं आणि खरवडायची पट्टी आडवी धरून सोलत गेलो. आधी मेन स्विच बंद करून पंखा उतरवला होता. उरलेली खळ कोमट पाण्याच्या स्पंजने पुसून काढली, नाहीतर तिच्यावरची लांबी पुन्हा सुटते. कोरडा पॉलिश पेपर मात्र मारू दिला नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून आली, आमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. सासूबाईंना त्या आठवड्यात नणंदेकडे पाठवलं होतं. पट्ट्या, ब्लेड, फवारा आणि मास्क मिळून हजाराच्या आत भागलं.

बीमजवळचा कागद निघाला तेव्हा भेगेतून गंजलेली सळई दिसली. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावंच लागतं आणि आमच्या सोसायटीचं तेव्हा सुरूच होतं. इंजिनियर वर आले, त्यांनी हातोडीने ठोकून पाहिलं. दोन हात जागेत भद्द, पोकळ आवाज आला. त्या ठेकेदाराने नेमकं त्याच्यावर लांबी ओढून ठेवली होती. खाली सासूबाईंचा पलंग.

आता तेवढा भाग फोडून दुरुस्त करायचा आहे. तोवर खोलीला कुलूप आहे आणि सासूबाई हॉलमध्ये झोपतात.