दाताचा पल्प जिवंत आहे का? कोल्ड स्प्रे, गरम गटा-पर्चा, ईपीटी की ऑक्सिमीटर

नवीन क्लिनिक मांडताना एक प्रश्न हमखास येतो: पल्प, म्हणजे दातातला मऊ गर, जिवंत आहे का हे बघायला ईपीटी मशीन (हलका करंट देणारा इलेक्ट्रिक पल्प टेस्टर) आत्ताच घ्यावं की कोल्ड स्प्रेवर भागेल? आमचं उत्तर: आधी स्प्रे घ्या, जमेल तेव्हा ईपीटी घ्या, गरम चाचणी गरजेपुरती ठेवा. रक्तप्रवाह मोजणारी उपकरणं तूर्त विद्यापीठांना आणि मोठ्या रुग्णालयांना परवडणारी आहेत.

खरेदीआधी एक लक्षात घ्या. थंड, गरम आणि ईपीटी या तिन्ही चाचण्या पल्पमधल्या नसांचा (मज्जातंतूंचा) प्रतिसाद बघतात, रक्तपुरवठा नाही. पल्प जगतो तो रक्तावर. त्यामुळे रक्त नीट वाहत असूनही दात 'मुका' राहू शकतो, आणि मरायला टेकलेल्या पल्पमधल्या काही नसा शेवटपर्यंत उत्तर देत राहतात.

थंड

बर्फाची कांडी शून्य अंशाची. सुईच्या टोपणात पाणी भरून गोठवली की झाली तयार, खर्च नाही. पण ती वितळते. पाणी हिरडीवर किंवा पुढच्या दातावर ओघळतं आणि रुग्ण भलत्याच दाताला 'लागलं' म्हणतो. म्हणून बर्फ वापरायचाच तर मागच्या दातापासून पुढे या. टेट्राफ्लुरोइथेनचा स्प्रे साधारण उणे 26 अंशांचा असतो, प्रोपेन-ब्युटेनचा उणे 50 पर्यंत जातो (हा ज्वालाग्राही, बर्नरजवळ नको). कार्बन डायऑक्साइडचा बर्फ उणे 78 चा. तो उत्तमच, पण त्यासाठी सिलिंडर सांभाळावा लागतो.

स्प्रेची चाचणी बिघडते ती बहुधा कापसापाशी. इअरबडचा घट्ट वळलेला बोळा द्रव धरत नाही, त्यामुळे दातापर्यंत थंडी पोचतच नाही. 2 नंबरचा मोठा, सैल कापूस चिमट्यात धरा, त्यावर दुधी थर दिसेपर्यंत स्प्रे मारा, जास्तीचं झटकून टाका. दात आधी कोरडा करा, कापूस ओठाकडच्या बाजूच्या मधल्या भागावर टेकवा आणि रुग्ण हात वर करेपर्यंत, पण 15 सेकंदांहून जास्त नाही, तिथेच ठेवा. मग घड्याळ बघा. कापूस काढताच कळ एक-दोन सेकंदांत विरली तर पल्प सावरण्यातला आहे. ती अर्धा मिनिट किंवा अधिक रेंगाळली तर बहुधा सावरण्यापलीकडचा दाह. थंड चाचणीचं मोठं बलस्थान हेच: दात जिवंत आहे की नाही याच्याबरोबर तो किती बिघडलाय याचाही अंदाज येतो. ईपीटी हे सांगू शकत नाही.

गरम

'गरम चहा लागला की ठणकतं', अशी तक्रार असेल तरच ही करा. दाताला व्हॅसलीनचा पातळ थर लावा, नाहीतर तापवून टेकवलेला मऊ गटा-पर्चा (रूट कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ, कांडीच्या रूपात) चिकटून बसतो आणि ओढून काढेपर्यंत पल्प भाजतो. कांडी चकाकून वाकू लागली की पुरे, धूर येऊ देऊ नका. पाच सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. क्राऊन (दातावरची कॅप) असेल तर रबर डॅम (दात वेगळा करणारा रबराचा पडदा) लावून एकेका दातावर गरम पाणी सोडणं बरं. शहाण्या माणसाने रोजच्या तपासणीत या चाचणीच्या वाटेला जाऊ नये.

ईपीटी

प्रोब टेकवायची जागा: पुढच्या दाताला टोकाकडचा एक तृतीयांश भाग, दाढेला पुढच्या बाहेरील उंचवट्याचं टोक. दात कोरडा, कापसाच्या रोलने वेगळा केलेला, प्रोबच्या टोकाला थोडी टूथपेस्ट. हातमोज्यांमुळे परिपथ पुरा होत नाही, म्हणून ओठाला क्लिप लावा किंवा मशीनची दांडी रुग्णालाच धरायला द्या. मुंगी जाणवताच तो हात काढतो आणि करंट थांबतो. शेजारच्या दातांत एकमेकांना टेकलेली अमाल्गमं (धातूची फिलिंग्ज) असतील तर मध्ये मायलरची (पातळ प्लास्टिकची) पट्टी सरकवा, नाहीतर करंट पलीकडच्या दातात जातो आणि उत्तर तोच देतो. लाळ असेल तर हिरडी उत्तर देते.

आकड्यावर भाळू नका. 0 ते 80 च्या मशीनवर 20 आला म्हणून पल्प 35 वाल्यापेक्षा निरोगी ठरत नाही. प्रतिसाद आला की नाही, एवढंच बघायचं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात मेलेला पल्प पकडण्यात कोल्ड टेस्ट सुमारे 87 टक्के तर ईपीटी 72 टक्के ठरली. जिवंत पल्पला जिवंत म्हणण्यात मात्र ईपीटी 93 आणि कोल्ड 84. म्हणजे ईपीटीच्या 'नाही'ला वजन आहे, 'हो'ला तेवढं नाही. थंडीला उत्तर न देणाऱ्या दातावर ईपीटी लावा. दोन्हीकडून 'नाही' आलं तर खात्री बरीच वाढते. पेसमेकर असलेल्या रुग्णाला ईपीटी टाळा, स्प्रे आहेच.

रक्तप्रवाह

पल्स ऑक्सिमीटर आणि लेझर डॉप्लर (लेझरच्या प्रकाशाने रक्तप्रवाह मोजणारं उपकरण) नसांना बगल देऊन थेट रक्त बघतात, आणि त्याच आढाव्यात दोन्ही 95 टक्के किंवा त्याहून वर आहेत. अडचण वेगळीच आहे. बोटाचा प्रोब दातावर बसत नाही. प्रकाश देणारा आणि घेणारा भाग दाताच्या दोन बाजूंना अगदी समोरासमोर हवा. निरोगी दातावरही ऑक्सिजनचा आकडा बोटापेक्षा बराच कमी, साधारण 75 ते 85 टक्के, दिसतो. डॉप्लरला प्रोब हलू नये म्हणून सिलिकॉनचा स्प्लिंट (दातांवर बसणारा साचा) आणि हिरडीचा सिग्नल अडवायला रबर डॅम लागतो. मोठं फिलिंग किंवा क्राऊन असेल तर दोन्ही निरुपयोगी.

कोणता दात, कोणती चाचणी

दुखऱ्या दाताआधी नेहमी विरुद्ध बाजूचा निरोगी दात तपासा, म्हणजे रुग्णाला काय जाणवायला हवं ते कळतं. वेदनाशामक घेऊन आलाय का, हे आधीच विचारा.

मूळ पूर्ण न झालेल्या मुलांच्या दातात ईपीटी सर्रास फसते, कारण मायलिनवाल्या (आवरण असलेल्या) नसा उशिरा जुळतात. तिथे स्प्रे किंवा कार्बन डायऑक्साइडचा बर्फच. मार लागलेल्या दाताने तीन महिन्यांपर्यंत उत्तर दिलं नाही तरी घाईने रूट कॅनाल नको. आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पल्प मेला म्हणायला निदान दोन लक्षणं लागतात: प्रतिसाद नसणं, आणि जोडीला एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली, फोड किंवा तत्सम काही. दाढेत एक मूळ मेलेलं आणि दुसरं जिवंत असेल तर उत्तर अर्धवट येतं. तिथे एक्स-रे आणि ठोकून बघणं यांच्यावर जास्त भिस्त ठेवा.

क्राऊनच्या दाताला ईपीटीचं जाड टोक पोचत नाही. हिरडीलगत मुळाचा किंवा दाताचा चिमूटभर भाग उघडा असेल तर तिथे एंडो फाइलचं (रूट कॅनालच्या बारीक सुईचं) टोक टेकवा आणि प्रोब फाइलला लावा, फाइल हिरडीला चिकटू देऊ नका. तेवढाही भाग उघडा नसेल तर क्राऊनवरच स्प्रेचा भिजलेला कापूस जरा जास्त वेळ धरा. धातूतून थंडी चांगली जाते.