क्रॉप म्हणजे नुसतं पीक नव्हे

परभणीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. आठवीतल्या लेकीसाठी इंग्रजी शब्दांच्या कार्डांचा डबा घेतला, 240 रुपयांना. ती दोन दिवसांत कंटाळली, आता गल्ल्यावर बसून मीच वाचतोय.

एका कार्डावर एकच शब्द, मागे त्याचे अर्थ. क्रॉप म्हणजे पीक, हे तर धंद्यातलंच. पण मोबाईलमध्ये फोटोच्या कडा कापतात तोही क्रॉप, अन् पाखराच्या गळ्यातली दाण्याची पिशवीही क्रॉपच! यील्ड म्हणजे उतारा, तसंच नमतं घेणंही. सोयाबीनचा भाव पडला की दोन्ही अर्थ एकाच दिवशी कळतात. आपल्याकडे पाट नाही का? जायकवाडीचा, जेवायला बसायचा अन् दुसऱ्या लग्नाचा. हे सांगितल्यावर लेक हसली अन् डबा परत तिच्या दप्तराशेजारी गेला.

खोट मोठी आहे, बरं का. उदाहरणाच्या वाक्यांत सगळा बर्फ अन् शेकोट्या. मे महिन्यात परभणीत वाचवत नाही. कागदही पातळ. चहा सांडला अन् 'सीझन'चा मीठ-मसाल्याचा अर्थ पुसला, हंगाम तेवढा उरला.

दुसरा भाग कुणाला दिसला तर कळवा.